गोडादऱ्यात खोली घेतेस तर

सूनबाई, तळमजल्याची खोली बघायला गेलीस की भाड्याचं बोलण्याआधी भिंतीकडे बघ. कमरेखाली तेवढा नवा रंग मारलेला दिसला की काय ते समज. मग कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचार, पाणी कुठवर येतं. घरमालक सांगायचा नाही, तो सांगेल. त्याची पोती भिजलेली असतात.

इथं सुरतेत पाणी दोन वाटांनी येतं. एक तापीचं. ती आपलीच, भुसावळ-प्रकाशाकडून येणारी. हतनूर धरणाचे 41 दरवाजे उघडले की ते पाणी उकाई धरणात जातं आणि उकाईतून सोडलं की शंभरेक किलोमीटर चालून सुरतेत येतं. म्हणजे तिचा निरोप आधी मिळतो. ऑगस्ट 2006 मध्ये उकाईतून 9 लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं आणि रांदेर-अडाजणसकट शहराचा बहुतेक भाग बुडाला. तेव्हापासून पावसाळ्यात भुसावळला फोन लागला की मी ख्यालीखुशालीच्या आधी हतनूरचं विचारते.

दुसरं पाणी खाडीचं. लिंबायत, परवत पाटिया आणि आपल्या बाजूला खरा घोर मिठी खाडीचा. 2020, 2024, 2025, तिन्ही पावसाळ्यांत खाडीपूर आला. खाडीवर उकाईसारखं धरण नाही, की इतके दरवाजे उघडले म्हणून कुणी सांगेल. पाऊस पलसाणा-कामरेजकडे पडतो आणि गल्ली आपली भरते, कधी इथलं आभाळ उघडल्यावरसुद्धा. म्हणून उकाईचा आकडा ऐकून निवांत झोपू नकोस. खाडीची पातळी वेगळी सांगतात, ती विचार. भरतीच्या वेळी खाडीचं पाणी पुढं सरकत नाही. आपल्या गावाकडं कुणाला भरती माहीत? पण कालनिर्णय भिंतीवर आहे. अमावास्या-पौर्णिमेला भरती मोठी असते. 2006 च्या पुरातही राखी पौर्णिमा तोंडावरच होती.

पाणी दारातून येईल म्हणून सगळे उंबऱ्याशी गोण्या रचतात. ते आधी संडासातून आणि मोरीतून वर येतं. प्लास्टिकच्या पिशवीत वाळू भरून तोंड घट्ट बांध, ती संडासाच्या भांड्यात ठेव, मोरीच्या भोकावर दुसरी. पाणी चढायच्या आत, हात-पाय कोरडे असताना मेन स्विच बंद कर. पाण्यात उभं राहून बोर्डाला हात लावायचा नाही, मग फ्रिज गेला तरी चालेल. सिलिंडरचा रेग्युलेटर काढ आणि सिलिंडर खिडकीच्या गजाला बांध, तो तरंगतो.

लेस लावायला आणलेल्या साड्या आधी माळ्यावर टाक. आपलं गोधडं वाळेल, पण भिजलेल्या साडीचे पैसे मजुरीतून कापतात. रेशनकार्ड, आधार, भाडेकरार दोन पिशव्यांत घालून वरच्या मजल्यावर ओळखीच्या घरी ठेव. ती ओळख उन्हाळ्यातच करायची असते. पाणी आल्यावर जिना चढून नाव सांगण्यात अर्थ नाही.

आणि साड्यांच्या चिंध्या खाडीत टाकू नकोस. पालिकेनं गाळ काढला नाही म्हणून ओरडणारेच रात्री गोणी रिकामी करून येतात. पालिकेला शिव्या जरूर दे, खाडीकाठी भराव घालू देणाऱ्यांना तर दोन जास्तच दे. पण गोणी कचऱ्याच्या गाडीत टाक.

पाणी उतरलं तरी सोसायटीची जमिनीखालची टाकी उपसून, धुऊन, ब्लीचिंग टाकल्याशिवाय त्यातलं पाणी पिऊ नका, तोवर टँकरचं उकळून घ्या. पोरांना त्या पाण्यात खेळू देऊ नकोस. त्यात उंदरांचं मूत असतं आणि पायाच्या जखमेतून लेप्टो शिरतो. दक्षिण गुजरातेत तो दर पावसाळ्यात डोकं वर काढतो. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत कुणाला ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर मेडिकलवाल्याच्या गोळीवर दिवस काढू नका. पालिकेच्या स्मीमेर हॉस्पिटलात जा आणि डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा, पुराच्या पाण्यात चाललो होतो.