पूर सांगून येतो, न सांगताही येतो

प्रकाशा येथे गोमाई नदी तापीला मिळते. तेथल्या घाटावर आपण पुष्कळदा गेलो असू. उन्हाळ्यात पाणी कसे गरीब दिसते! पावसाळ्यात तीच तापी काठ सोडते. कधी तर आपल्याकडे ऊन पडलेले असते, आणि नदी चढत असते. हे पाणी कोठून येते?

तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते. वाटेत जळगाव जिल्ह्यात, भुसावळजवळ हतनूर धरण आहे. त्याला ४१ दरवाजे आहेत. वर पाऊस फार झाला की दरवाजे उघडतात. ते पाणी खाली सारंगखेड्याला आणि प्रकाशाला येते. तेथल्या बॅरेजचेही दरवाजे मग उघडावे लागतात. पाणी इतके लांबून येते, म्हणून गावाला आधी निरोप मिळतो. पूर्वी कोतवाल दवंडी देई. आता निरोप मोबाइलवर येतो. निरोप आला की नदीकाठची मोटार काढावी, गुरे वर न्यावी. "मागच्या साली पाणी आले नव्हते," असे म्हणत बसू नये.

लहान नदी मात्र निरोप पाठवत नाही. नवापूरची रंगावली पाहा. ऑगस्ट २०१८ मध्ये मुसळधार पाऊस झाला आणि तिचे पाणी काठच्या वस्तीत शिरले. घरे वाहून गेली. माणसे दगावली. डोंगरातल्या नदीला फुगायला वेळ लागत नाही. पाऊस थांबेना आणि पाणी गढूळ होऊन वाढू लागले, तर तोच निरोप समजावा. फरशीवरून पाणी वाहत असेल तर अलीकडेच थांबावे. गुडघाभर पाण्यालाही ओढ असते.

आम्ही शाळेवर होतो तेव्हा एकदा गावात पूर आला. काठची मंडळी शाळेच्या ओट्यावर आली. एक आजोबा जमिनीच्या कागदांसाठी मागे फिरले. पाणी कमरेला लागले. दोन तरण्या पोरांनी दोर टाकून त्यांना ओढून आणले. आजोबा वाचले, कागदांचा लगदा झाला. आम्ही त्यांना रागे भरलो. पण चूक आमचीच होती. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दाराजवळ टांगावे, हे आम्ही शिकलेल्यांनी कोणाला सांगितलेच नव्हते.

म्हणून आखाजी झाली की तयारी करावी. पिशवीत सातबारा, रेशनकार्ड, पासबुक, औषधे ठेवावी. जवळ बॅटरी असावी. पाणी चढताना गुरांची दावी सोडावी. बांधलेले जनावर जागीच बुडते. मदतीसाठी ११२ हा फोन आहे. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ आहे.

पूर ओसरला तरी विहिरीचे पाणी लगेच पिऊ नये. आधी टी.सी.एल. पावडर टाकवून घ्यावी, आणि पाणी उकळून प्यावे.

आता पाटी घ्या. आपल्या आळीत रात्री कोणाला उचलून न्यावे लागेल? म्हातारी माणसे, बाळंतीण, आजारी. त्यांची नावे लिहा. प्रत्येकाच्या नावापुढे, त्यांना कोण नेईल त्याचे नाव लिहा.