उरलेलं कुणाच्या पानात?

चि. सोनूस,


काल रात्री अकराला तुझा फोन आला तेव्हा मी अर्धवट झोपेत होते. "पुरण फ्रीजमध्ये टाक आणि झोप" एवढंच बोलले आणि ठेवला. सकाळी चहा घेताना रुखरुख लागली. पोरीने पहिल्यांदा स्वतःच्या घरी गौरी बसवल्या, वीस माणसं जेवून गेली, आणि ओटाभर पातेली बघून तिचा आवाज रडवेला झाला होता. फोनवर मला मुद्द्याचं कधी सुचत नाही, म्हणून कागदावर लिहून फोटो काढून पाठवते आहे. अक्षर लावून घे.

आधी भात. मसालेभात पातेल्यातच झाकून ओट्यावर ठेवलाय म्हणालीस. तो रात्रभर तिथेच राहिला असेल तर टाकून दे. वास चांगला येतोय, काजू घातलेत, काही म्हणून बघू नकोस. आमच्याकडे एका वर्षी असाच भात मी सकाळी फोडणी देऊन, चांगली दणदणीत वाफ आणून सगळ्यांना वाढला होता. दुपारपर्यंत घरातली चार माणसं ओकत होती आणि मी मोरीत पाणी ओतत होते. नंतर डॉक्टरांनी समजावून सांगितलं. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवून मरत नाहीत. भात कोमट राहिला की वाढीला लागतात आणि विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. मोठ्या पातेल्याच्या पोटातला भात कितीतरी तास कोमट असतो. म्हणून शेवटची पंगत बसली की उरणारा भात परातीत पसरायचा, वाफ गेली की उथळ डब्यांत भरायचा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये सरकवायचा. असा ठेवलेला भात दुसऱ्या दिवशी कांदा-मिरची-शेंगदाण्याची फोडणी देऊन खुशाल खा.

आता बाकीच्याकडे येऊ. माझी आई उरलेल्या अन्नाला सरसकट शिळं म्हणू द्यायची नाही. पानात वाढून हात लागला ते उष्टं. भांड्यात राहिलं, कुणाचा हात नाही की चमचा नाही, ते उरलेलं. रात्र गेली की शिळं. वास किंवा तार आली की नासकं. आपण घाईत चारही एकाच डब्यात कोंबतो आणि मग चौथ्या दिवशी डबा उघडताना नाक दाबतो. उरलेलं टिकायला हवं असेल तर ते पंगतीच्या आधीच बाजूला काढावं लागतं. पातेलं पंगतीत फिरलं, त्यात चार जणांचे चमचे गेले, की त्याचं आयुष्य निम्मं झालंच म्हणून समज.

पुरणाची काळजी करू नकोस. घट्ट शिजलेलं असेल तर कोरड्या डब्यात फ्रीजमध्ये तीन-चार दिवस काही होत नाही, फ्रीझरमध्ये महिनाभरही राहतं. त्याच्या परत पोळ्याच करायच्या असा नेम नाही. कणकेच्या पारीत भरून वाफवलं की दिंडं होतात, तळलं की कडबू. अगदीच थोडं असेल तर दुधात घोटून वर जायफळ किसून खीर. कटाची आमटी मात्र मुद्दाम उरवावी अशीच गोष्ट आहे. पहिल्या दिवशी तिच्यात गरम मसाला, चिंच-गूळ आणि कट आपापले वेगळे कळतात, दुसऱ्या दिवशी ते एकमेकांत मुरलेले असतात. तुझे काका सणाच्या दिवशी आमटी भुरकतही नाहीत, दुसऱ्या दिवशी गरम भातावर घेतात. फक्त फ्रीजमधून काढलीस की खळखळून उकळ, आणि लागेल तेवढीच काढून उकळ. रोज सगळं पातेलं तापवून परत थंड करत बसू नकोस.

साध्या पोळ्या उरल्या असतील तर कुस्करा. हाताने बारीक करायच्या, मिक्सरला लावून त्यांचं पीठ करू नकोस. तेलात मोहरी, हिंग, हळद, भरपूर कांदा, दाणे, मग पोळी, वर पाण्याचा हबका आणि दोन मिनिटं झाकण. मुलांसाठी गूळ-तूप घालून लाडू वळ. सोळा भाज्यांची भाजी कोरडी करून भाजणीत मळलीस तर थालीपिठं होतील. काकडीच्या कोशिंबिरीचं काही होत नाही, ती जेवतानाच संपवायची, नाहीतर सोडून द्यायची. पंचामृत पूजेतलं असेल आणि त्यात फुलं-अक्षता पडल्या नसतील तर कणीक मळून दशम्या कर. नारळ सगळे आजच खवून पिशव्यांत भरून फ्रीझरला टाक. वाट्या तशाच ठेवल्यास तर परवा आतून बुळबुळीत होतात आणि मग आपण देवाचा प्रसाद म्हणून ते निमूट वापरतो.

आपल्या स्वयंपाकघरात एक शहाणपण आहे, ते तू मोदकांच्या दिवशी पाहिलंस. उकड उरली तेव्हा तुझ्या सासूबाईंनी तिच्यात मिरची, जिरं, कोथिंबीर घालून थापलं आणि मोदकांच्याच चाळणीत वाफवलं. त्या निवगऱ्यांवर तेल घालून तुम्ही सगळे तुटून पडलात, त्याचा फोटो मला आला होता. कुणी म्हणालं का, उरलेली उकड खाल्ली म्हणून? उरलेल्या श्रीखंडात ताक घालून घुसळलं की त्याला पीयूष म्हणून लोक पैसे देऊन पितात. नुसतं गरम करून पुढे ठेवलं तर घरातला प्रत्येक जण नाक मुरडतो. निवगऱ्या, कुस्करा, पीयूष म्हटलं की वाटी पुढे येते.

आता ज्यासाठी खरं पत्र लिहायला बसले ते. काल तू बोलता बोलता म्हणालीस, "आत्या, राहिलंय ते मी संपवीन दोन दिवसांत." ते "मी" मला टोचलं. मी माझ्या आईला आणि मग माझ्या मोठ्या जाऊबाईंना आयुष्यभर हेच करताना पाहिलं. घरात ताजी पोळी तव्यावरून उतरायची ती दुसऱ्यांच्या पानात, आणि कालची त्यांच्या. जाऊबाईंना कुणी सक्ती केली नव्हती. त्या म्हणायच्या, "टाकवत नाही गं." अन्न टाकवत नाही हे खरंच, पण ते न टाकण्याचं ओझं घरातल्या एकाच बाईच्या पोटावर का? सणानंतर चार दिवस त्या तळलेलं, गोड, कालचं आणि परवाचं खात राहायच्या आणि पाचव्या दिवशी पित्ताने डोकं धरून बसायच्या. तुझं पोट म्हणजे ओल्या कचऱ्याची बादली नाही. शिळी पोळी असेल तर चौघांच्या पानात अर्धी-अर्धी वाढ, जावईबापूंच्या पानात आधी. त्यांनी खाल्लं नाही तर पुढच्या वर्षी किती करायचं हे त्यांनाही कळेल.

तसंच तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचं. त्यांना द्यायचं असेल तर पंगतीच्या आधी, नैवेद्य दाखवून झाला की डबा भरून बाजूला ठेवायचा, त्यात पोळीवर तूपही घालायचं. चार दिवस फ्रीज उघड-बंद करून, आता आपल्याला जात नाही म्हणून काढून दिलेलं अन्न म्हणजे दान नव्हे, ती फ्रीजची साफसफाई. तुला कडू लागेल, पण मीही हे केलंय. एकदा एका बाईंनी डबा हातात घेऊन, माझ्याकडे न बघता विचारलं होतं, "कधीचं आहे?" अजून आठवलं की कानशिलं तापतात.

पुढच्या वर्षी आधी मोज. अर्धा किलो डाळीच्या पुरणात मध्यम आकाराच्या पंचवीसेक पोळ्या होतात, आणि इतकं सगळं पानात असताना माणूस दीड पोळीच्या वर जात नाही. तू दीड किलो डाळ कुणाच्या सांगण्यावरून भिजवलीस? माझ्या रुखवतात कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आलं होतं. १९७० सालचं ते पुस्तक वाटी-चमच्याच्या मापाने शिकवतं, म्हणून माझ्यासारख्या अंदाज चुकणाऱ्या बायका तरल्या. सणाला कमी पडेल ही भीती आपल्याला आयांकडून आली. त्यांच्या घरी न सांगता दहा माणसं यायची. तुझ्याकडे येणारे आधी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारून येतात.

आज विसर्जन, नैवेद्याला वाटीभर दहीभात आणि शेवयांची खीर पुरे. नवीन काही घाट घालू नकोस. आणि अळूवडीचे दोन उंडे फ्रीजमध्ये आहेत म्हणालीस, ते आज संध्याकाळी काप आणि तळ, उद्यावर टाकू नकोस. सगळ्यांबरोबर बसून खा, गरम असताना.

तुझी,
आत्या