मंडळीतल्या बायकांकडून शिकले ते

नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरात माझा जन्म झाला, लग्न होऊन नगर शहरात आले, शिक्षिकेची नोकरी केली, आणि पंच्याऐंशी ओलांडल्यावरही रविवारची उपासना चुकवत नाही. इतक्या वर्षांत अनेक पाळकसाहेब आले, बदलून गेले. त्यांच्या उपदेशांचं ऋण आहेच. पण मंडळी रोजच्या रोज चालवली ती बायकांनी, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पुढचं बरंचसं सासूबाईंकडून आणि महिला मंडळातल्या थोरल्या बायकांकडून उचललेलं आहे.

१. रविवारची तयारी शनिवारी रात्री करावी. साड्या, मुलांचे कपडे, दानाचे पैसे, गीतांचं पुस्तक, सगळं एका जागी. सकाळी घरात आरडाओरडा झाला की पहिलं गीत संपेपर्यंत मन जागेवर येत नाही.

२. द्यायचं ते मुठीने का होईना, रोज द्यावं. सासूबाई दळण काढताना ज्वारीची एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायच्या. डबा भरला की तो मंडळीतल्या एखाद्या गरजू घरी जायचा. १९७२च्या दुष्काळात आमच्याही घरात लाल मिलोच्या भाकरी होत होत्या. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती, पोरं सुकडीसाठी रांगेत उभी राहत होती. तेव्हा मी म्हटलं, "आई, आता तरी मूठ थांबवू या." त्या म्हणाल्या, "अगं, मुठीची खरी गरज आत्ताच आहे." आणि ते धान्य दिवेलागणीनंतर, मागच्या दाराने पोचवायचं. घेणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर मान वर करून उभं राहता आलं पाहिजे, हा त्यांचा दंडक होता. हल्ली मदत देताना फोटो काढतात. मला ते मुळीच पटत नाही.

३. बाईने वाचायला शिकावं, वय कितीही असो. नगरला ह्या बाबतीत मोठा वारसा आहे. अमेरिकन मिशनरी सिंथिया फॅरारबाईंनी इथे मुलींच्या शाळा चालवल्या, त्या पाहून जोतीराव फुल्यांच्या मनात मुलींच्या शिक्षणाचा विचार पक्का झाला. १८६२ साली फॅरारबाई नगरमध्येच वारल्या. लक्ष्मीबाई टिळक कधी शाळेत गेल्या नव्हत्या, लग्नानंतर अक्षरं गिरवली, आणि 'स्मृतिचित्रे' लिहिली. पती टिळकांच्या मागे अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य पुढे नेलं तेही त्यांनीच. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, आणि शेजारच्या पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनी त्याचे खिळे जुळवून ते छापलं.

माझ्या सासूबाई नातवंडं झाल्यावर वाचायला शिकल्या. दुपारी जेवणं आटोपली की माझ्याजवळ पाटी घेऊन बसायच्या. स्तोत्रं पाठ होतीच, त्यामुळे बोट ओळीवर आणि तोंड ओळीच्या पुढे, असं व्हायचं. मग मी त्यांना एकदम मधलाच शब्द विचारायची. एके दिवशी वर्तमानपत्रातली बातमी त्यांनी सलग वाचली, न पाठ केलेली, कधी न ऐकलेली. त्या दिवशी घरात गोडाचं केलं.

४. पुस्तकात गीताचे शब्द असतात, चाल माणसाच्या गळ्यात असते. खेड्यातल्या बायका टाळ घेऊन ख्रिस्ती अभंग, पदं म्हणायच्या. एकाच गीताची राहुरीकडची चाल वेगळी, नेवाशाकडची वेगळी. लग्न होऊन आलेली सून आपल्या माहेरची चाल घेऊन यायची. त्या बायका गेल्या तशा चालीही गेल्या. आज कीबोर्डवर बसवलेली गाणी मुलं उत्साहाने गातात, त्यांचं कौतुकच आहे. पण शब्बाथशाळेत महिन्यातून एक जुनी चाल शिकवली तर काय बिघडणार आहे?

५. मयताच्या घरी आधी हात लावावा, मग तोंड उघडावं. मंडळीत एखादी बाई गेली की तिला न्हाऊ घालायला मला बोलावणं यायचं. हे काम मला घरोघरी वचन सांगत फिरणाऱ्या एका बायबलबाईंनी शिकवलं. हनुवटीखालून रुमाल बांधायचा, पायांचे अंगठे एकत्र बांधायचे, आणि हे लवकर करायचं, कारण पुढे अंग ताठतं. पाणी कोमट हवं. ते आधी आपल्या मनगटावर पाहायचं, जिवंत माणसासाठी पाहतो तसंच. अंगावरची चादर पूर्ण काढायची नाही, एकेक बाजू पुसत जायचं. केस विंचरताना तिचा भांग रोज जसा असे तसाच पाडायचा. लेकी-सुना दाराबाहेर रडत असतात. त्यांना बाहेर ठेवू नये, एकीच्या हातात तांब्या द्यावा, एकीला साडीच्या निऱ्या करायला सांगाव्यात. त्या थरथरतात, पण करतात, आणि वर्षांनंतर भेटल्या की त्याच तांब्याची आठवण काढतात.

त्या घरी तेव्हा कुणी कोरडेपणाने म्हणू नये, "देवाची इच्छा." पोर गमावलेल्या आईला तर कधीच नाही. प्रभू येशू लाजराच्या कबरेजवळ रडला, असं शुभवर्तमान सांगतं. आपण त्याहून जास्त शहाणपण दाखवायला जाऊ नये. आणि दफनाची गर्दी ओसरली, पाहुणे गेले, की पंधरवड्याने पुन्हा जावं. बायबल पिशवीत असू द्यावं. आधी चहा टाकावा.

६. मंडळीतलं भांडण चुलीपर्यंत येऊ देऊ नये. आमच्याकडे एकदा मालमत्तेवरून दोन तट पडले. पुरुषमाणसं एकमेकांना 'सलाम' करेनात, प्रकरण कोर्टात गेलं. त्या नाताळात महिला मंडळाने ठरवलं, की फराळाची ताटं नेहमीसारखीच सगळ्या घरी जातील. करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या, वर विणलेला रुमाल. काही ताटं न उघडता परत आली. आम्ही पुढच्या वर्षी पुन्हा पाठवली. कोर्टातला निकाल लागायला फार वर्षं लागली. मुलांची लग्नं त्याआधीच दोन्ही तटांतल्या माणसांच्या हजेरीत होऊ लागली होती.

७. हिशेब चोख ठेवणाऱ्या बाईला मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीत जागा मागायचा हक्क आहे. मागावी. हंगामाच्या सणाला कोंबड्या, अंडी, भोपळे, धान्य यांचा लिलाव व्हायचा, त्याची वही वर्षानुवर्षं बायका लिहीत, आणि खर्च ठरवायला मात्र पुरुष बसत. आम्ही वही घेऊन बैठकीत गेलो, आकडे वाचले आणि तिथेच बसून राहिलो. पुढच्या निवडणुकीत दोन बायका निवडून आल्या.

८. दूर गेलेल्या मुलांना फोनवर "चर्चला गेलास का?" असं विचारू नये. जेवलास का, झोप होते का, कुणाशी बोलायला मिळतं का, हे विचारावं. माझा एक नातू परदेशात असतो. घरातल्या संध्याकाळच्या प्रार्थनेत आम्ही प्रत्येकाचं नाव घेतो, हे त्याला ठाऊक आहे. मध्यंतरी त्याने आपणहून विचारलं, "आजी, काल माझं नाव कितवं घेतलंस?"

९. गुडघे दुखतात म्हणून उपासना सोडू नये, आणि ज्यांना उठताच येत नाही त्यांच्या घरी उपासना न्यावी. प्रभुभोजन घरी देण्याची सोय आहे. पाळकसाहेबांना कळवायचं काम शेजारणीचं. शेजारीण हिंदू किंवा मुसलमान असली तरी ती कळवते. माझ्यासाठी अशाच एका शेजारणीने फोन केला होता.

वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या मंडळीत माझ्याहून थोरली बाई असेल, तर तिच्याकडे ह्याच महिन्यात जा. मोबाईल चालू करून तिच्याकडून चाली म्हणून घ्या. जुन्या फोटोंतली माणसं कोण, कोणत्या घरची कबर कुठे, कोणत्या गावाहून कोण आलं, हे विचारा आणि वहीत उतरवा. वर तिचं नाव व तारीख घाला, आणि एक प्रत मंडळीच्या दप्तरात ठेवायला पाळकसाहेबांकडे द्या.