एका पोत्यावर बरोबर आलेला हिशेब

दोंडाईच्यात मिरचीचा हंगाम लागला की मार्केट यार्डात पाय ठेवायच्या आधीच शिंक येते. अशाच एका हंगामात ओळखीच्या अडत्याला, आबांना, मी हिशेबपट्टीचा प्रोग्राम लिहून दिला. जावास्क्रिप्टमध्ये, दोन रात्रींत. काम इतकं सोपं वाटलं की पैसे मागायलाही संकोच झाला.

तपासताना मी एकच पोतं टाकलं. ४० किलो, भाव क्विंटलला १०,००० रुपये, रक्कम ४,०००. बरोबर. दुसऱ्या दिवशी पहिल्याच शेतकऱ्याची तीन पोती आली: ३८, ४१ आणि ४० किलो. पट्टीवर छापून आले ३,८४,१४,००० रुपये. आबांनी चष्मा पुसून कागद पुन्हा पाहिला नि विचारलं, "भाऊ, हाई काय शे?" सगळे हसले. मीही हसलो.

झालं होतं असं. स्क्रीनवरच्या चौकटीत भरलेलं वजन प्रोग्रामच्या हाती आकडा म्हणून येत नाही, मजकूर म्हणून येतं. जावास्क्रिप्टमध्ये अधिक चिन्हाच्या एका बाजूला जरी मजकूर असला तरी बेरीज होत नाही, जोडणी होते. बेरजेच्या सुरुवातीच्या शून्याला ३८, ४१, ४० ओळीने चिकटले आणि झालं ०३८४१४०. गुणाकाराच्या वेळी मात्र हीच भाषा मजकुराचा गुपचूप आकडा करून घेते. म्हणून एका पोत्याला सगळं बिनबोभाट चाललं.

मी ती एक ओळ दुरुस्त केली आणि घरी गेलो. खरी चूक ही.

वजावटीतही तोच घोळ होता, आणि ती मी तपासलीच नव्हती. हमाली १२, तोलाई ८. कापायचे २०, कापले जात होते १२८. कोटींचा आकडा कुणाच्याही डोळ्यांत भरतो, १०८ रुपये भरत नाहीत. आठ दिवसांनी एका मावशींनी पट्टी पुढ्यात ठेवून बोटांवर हिशेब करून दाखवला. मग जुन्या पट्ट्या काढून मी गावोगाव पैसे परत देत फिरलो. तेव्हा कुणी हसलं नाही.

त्यानंतर तोच, दुरुस्तीआधीचा प्रोग्राम टाइपस्क्रिप्टमध्ये आणला. ही भाषा मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये आणली. जावास्क्रिप्टच, पण टाइप, म्हणजे आकडा आहे की मजकूर, ते तपासणारी. कंपाइल होतानाच तिने दोन्ही जागा दाखवल्या: वजनाच्या बेरजेत मजकूर घुसतोय, आणि वजावट म्हणून मजकूर वजा होतोय. एकही पोतं काट्यावर चढायच्या आधी. मी एक पोतं टाकून तपासलं होतं. कंपायलर पोती मोजत नाही, तो प्रत्येक ओळीत काय येऊ शकतं ते बघतो.

पण कंपायलरवर सगळा भार टाकू नका. किलो आणि क्विंटल, त्याच्या लेखी दोन्ही आकडेच. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळापाशी गमावलं, ते अशाच घोळाने: एका प्रोग्रामने पौंडांच्या हिशेबात आकडे दिले, दुसऱ्याने ते न्यूटनच्या हिशेबात धरले. टाइपस्क्रिप्टमध्ये आकड्याला नुसतं 'किलो' असं टोपणनाव देऊनही भागत नाही, कारण ती नाव बघत नाही, घडण बघते. वेगळी खूण चिकटवावी लागते. ओली मिरची आणि सुकी मिरची एका ढिगात टाकत नाही, तसं हे. ही खूण थोडी किचकट आहे, पण पैशाच्या कामात मी ती टाळत नाही.

दुसरी गोष्ट, कंपाइल झालं की टाइप पुसले जातात आणि चालतं ते साधं जावास्क्रिप्ट. इलेक्ट्रॉनिक काट्याकडून येणारा डेटा कंपायलरने कधी पाहिलेलाच नसतो. तो आत घेताना आकडा आहे का, शून्याहून मोठा आहे का, हे आपणच बघायचं. आणि एडिटर चुकीखाली ओढतो ती लाल रेघ नको म्हणून 'एनी', म्हणजे काहीही चालेल असा टाइप, लिहून मोकळं होऊ नका. मी लिहिलंय, घाईत, ग्राहक समोर उभा असताना. एनी म्हणजे मापाड्याला चहाला पाठवून पोती उतरवून घेणं.

सगळा प्रोग्राम नव्याने लिहायचीही गरज नाही. जुन्या जावास्क्रिप्ट फाइलच्या डोक्यावर टाइप तपासायला लावणारी टीएस-चेकची एक ओळ टाका आणि टाइपस्क्रिप्ट समजणाऱ्या एडिटरमध्ये उघडा. माझ्या फाइलमध्ये ३१ लाल रेघा निघाल्या होत्या. तुमच्या किती निघतात ते आज रात्रीच बघा, उद्याची पट्टी छापण्याआधी.