मोटारीच्या इंजिनाचा ताप

आमच्या घरीं १९९८ सालीं बनलेली एक मोटार आहे. दोन वर्षांपूर्वीं पुण्याहून साताऱ्यास जातांना खंबाटकीच्या चढावर तिच्या उष्णतामानाची सुई प्रथम वर सरकली आणि थोड्याच वेळांत आपोआप खालीं आली. इंजिन निवलें, अशा समजुतीनें आम्ही तसेच पुढें गेलों. सुईस खबर देणारा सेन्सर पंधरा दिवसांपूर्वींच नवा बसविला होता. तेव्हां तिजवर अविश्वास धरण्याचें कारणहि दिसेना. घाटमाथा येण्यापूर्वींच इंजिन ठोके देऊं लागलें व बंद पडलें. रबरी नळी फाटून सर्व पाणी वाहून गेलें होतें. ॲल्युमिनियमचें हेड वांकलें, गॅस्केट जळलें, आणि मुलांच्या सुटीसाठीं जमविलेली रक्कम गॅरेजांत खर्च झाली.

मग सुईनें खोटी साक्ष दिली काय? तसें म्हणतां येत नाहीं. सेन्सरचें टोक ज्या पदार्थांत बुडलेलें असेल त्याचेंच उष्णतामान तो सांगतो. पाणी गेल्यावर तें टोक वाफेंत व हवेंत उघडें पडलें. हवा पाण्याच्या मानानें उष्णता फारच सावकाश पोंचविते. म्हणून सभोंवारचा धातु भाजून निघत असतां सुई मात्र खालीं उतरली. चढ संपला नसतांना सुई एकाएकीं खालीं आली, तर आनंद न मानतां गाडी थांबवावी, हें आम्हांस इतक्या किंमतीस कळलें.

ह्या सेन्सरच्या पोटांत थर्मिस्टर नांवाचा, धातूंच्या ऑक्साइडांचा लहानसा तुकडा असतो. तांब्याची तार तापली कीं तिचा विद्युद्रोध वाढतो. ह्या तुकड्याचा घटतो. असा उलट गुण मायकेल फॅरडे ह्यांस १८३३ सालींच सिल्व्हर सल्फाइडांत आढळला होता.

त्या काळच्या पुष्कळ मोटारींत असे सेन्सर दोन असतात. एका तारेचा सुईसाठीं, व दोन तारांचा इंधन मोजून देणाऱ्या संगणकासाठीं. दोष एकाचा असतां दुसराच बदलला जातो, असें नेहमीं घडतें. संगणकाच्या सेन्सरचीं टोकें गंजलीं कीं रोध वाढतो. संगणक इंजिन थंड आहे असें समजून पेट्रोल अधिक सोडतो, धूर काळा येतो, आणि सुई मात्र बिनबोभाट आपल्या जागीं असते!

शाळेच्या प्रयोगशाळेंत नववीच्या मुलांसह आम्हीं दोन तारांचा सेन्सर पाण्यांत टांगला. टोक तेवढें बुडविलें, तारा कोरड्या ठेविल्या. शेजारीं तापमापक होता. बर्फ घालून पाणी २० अंश सेल्सिअसवर आणिलें, तेव्हां मल्टिमीटरनें सुमारें २,५०० ओहम दाखविले. ८० अंशांवर ते ३०० च्या आसपास उतरले. प्रत्येक गाडीचे आंकडे निराळे असूं शकतात. तिच्या पुस्तिकेंतील कोष्टक पाहून मगच सेन्सर दोषी ठरवावा. नवा विकत घेण्यापूर्वीं तारेचें टोकहि घासून पाहावें. पुष्कळदां तेवढ्यानेंच भागतें.

बदलतांना इंजिन पूर्ण निवल्यावांचून रेडिएटरचें झांकण उघडूं नये. दाबामुळें आंतील पाणी १०० अंशांच्या वरहि न उकळतां राहतें, आणि झांकण सुटतांच त्याची वाफ होऊन अंगावर येते. थोडें पाणी काढून घ्यावें, जुना सेन्सर सोडवावा, नवा प्रथम हातानेंच फिरवावा. ॲल्युमिनियमचे आटे मऊ असतात व एकदां मोडले कीं खर्च वाढतो. एका तारेच्या सेन्सरचा प्रवाह त्याच्या पितळी अंगावरून इंजिनाच्या धातूंत परत जातो. म्हणून आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळण्याची नळकामाची संवय येथें उपयोगी नाहीं. प्रवाहाची वाट अडली तर सुई कमी दाखवूं लागते. गळतीसाठीं त्याबरोबर आलेला वॉशर पुरे.

आंत हवेचा बुडबुडा राहिला, तर नवा सेन्सरहि आमच्या घाटांतील सेन्सरप्रमाणेंच फसेल. निवलेल्या इंजिनाचें झांकण आधींच उघडें ठेवून तें चालू करावें, हीटर पूर्ण उघडावा, आणि बुडबुडे थांबेपर्यंत पाण्याची भर घालीत राहावें. मग इंजिन बंद करून झांकण लावावें.

आमच्याकडे पुष्कळ ठिकाणीं बोअरचें पाणी जड असतें. तें रेडिएटरांत घालूं नये. त्याचा क्षार सेन्सरच्या टोकावर पुटासारखा बसतो. पुस्तिकेंत सांगितलेलें कूलंट शुद्ध पाण्यांत मिसळून घालावें. काढलेलें कूलंट उघड्या भांड्यांत ठेवूं नये. त्यांतील एथिलीन ग्लायकॉल विषारी असून चवीस गोड असतें, आणि कुत्रीं तें चाटतात. आम्ही तें घट्ट झांकणाच्या डब्यांत भरतों, वर नांव लिहितों व गॅरेजवाल्याच्या स्वाधीन करितों.