एल्फिन्स्टन विद्यालयांतील एक विद्यार्थिसभा

वादविवादसभेंत एखादा निबंध वाचला जावा, टाळ्या पडाव्या, आणि सभा उठतांच विषयही उठून जावा, हा बहुतेक शाळांतील नित्याचा प्रकार आहे. १८४९ सालीं मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें मात्र असा एक निबंध वाचला गेला कीं, त्यानें ऐकणारांस स्वस्थ बसूं दिलें नाहीं. ती हकीकत येथें सांगावयाची आहे.

हें विद्यालय मूळचें लोकांच्या वर्गणींतून निघालें. १८२७ सालीं गव्हर्नर मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्वदेशीं परत निघाले, तेव्हां त्यांच्या स्मरणार्थ लोकांनीं दोन लाखांवर रुपये जमविले. त्या निधींतून आणविलेले अध्यापक १८३५ सालीं मुंबईस पोंचले. पदव्या देणारें विद्यापीठ मुंबईंत १८५७ पर्यंत नव्हतेंच. तेव्हां बी. ए. होण्याची चिंता त्या विद्यार्थ्यांस नव्हती, हा त्यांचा मोठाच लाभ म्हटला पाहिजे!

१८४८ सालीं अध्यापक पॅटन यांच्या साह्यानें तेथील आजी-माजी विद्यार्थ्यांनीं ‘स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. हिचें काम इंग्रजींत चाले. म्हणून इंग्रजी न जाणणाऱ्या लोकांकरितां मराठी व गुजराती ज्ञानप्रसारक सभा तिच्या शाखा म्हणून निघाल्या. मराठी सभेचे अध्यक्ष व्याकरणकार दादोबा पांडुरंग हे होते.

पुढील वर्षीं एका पारशी सभासदानें स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. चर्चा झाली, आणि नुसत्या चर्चेवर थांबूं नये असें ठरलें. पण शाळा काढावयाची कोठें? पैसा नाहीं, जागा नाहीं, आणि मुली तर मुळींच नाहींत. तेव्हां हे तरुण घरोघर फिरूं लागले. त्यांत दादाभाई नौरोजी होते. ते त्याच विद्यालयांत शिक्षक होते, आणि त्यांचें वय अवघें चोवीस वर्षांचें होतें. निदान आपली ओटी तरी वापरूं द्या, अशी विनवणी ते आईबापांस करीत. कोणीं दिली, कोणीं अपमान करून वाटेस लावलें.

ह्या विरोधाचें एक कारण धर्मभय हें होतें, आणि तें आपण मोकळेपणानें सांगितलें पाहिजे. मिशनच्या मुलींच्या शाळा मुंबईंत १८२४ पासून होत्या. परंतु मुलगी बाटेल ह्या भीतीनें पुष्कळ आईबाप तिकडे फिरकत नसत. खुद्द दादाभाईंस बॅरिस्टरीकरितां विलायतेस पाठवावें म्हणून शिक्षणमंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांनीं अर्धा खर्च देऊं केला होता. पण मुलगा ख्रिस्ती होईल ह्या शंकेनें पारशी वडीलधाऱ्यांनीं तो बेत मोडला. म्हणून मुलींस शिकवावयास आपल्याच लोकांतील तरुण दाराशीं आले, ह्या गोष्टीस फार महत्त्व होतें. पुण्यास जोतीराव फुल्यांनीं १८४८ सालींच हें कार्य आरंभिलें होतें.

अखेर ऑक्टोबर १८४९ त शाळा सुरू झाल्या. आरंभीं ४४ पारशी व २४ हिंदु मुली आल्या. शिकविणारे हे सभासदच. सकाळच्या वेळीं मुलींस शिकवावें आणि मग आपापल्या कामास लागावें, असा त्यांचा क्रम होता. वेतन एक पैही नव्हतें. पंचविशीच्या आंतबाहेरच्या तरुणांनीं सकाळची झोंप सोडून दुसऱ्याच्या ओटीवर मुळाक्षरें गिरवून घ्यावीं, हें मला त्यांच्या कोणत्याही विद्वत्ताप्रचुर निबंधाहून अवघड वाटतें. दादाभाईंचें स्वतःचें शिक्षण विनामूल्य झालें होतें. फी द्यावी लागती तर आपली विधवा आई तें करूं शकली नसती, असें त्यांनीं पुढें लिहून ठेविलें आहे. हें ऋण फेडण्याचा मार्ग त्यांस त्या ओट्यांवर सांपडला असावा.

मुली टिकल्या, तसे श्रीमंत लोकही पुढें आले. जगन्नाथ शंकरशेट यांनीं आपल्या वाड्यांत जागा दिली, कामा घराण्यानें पैसा दिला. मग पगारी शिक्षक नेमले गेले, आणि विद्यार्थ्यांची सकाळची पाळी संपली.