खाऱ्या पाण्याचें नवें मत्स्यकुंड : आधीं पाणी मुरवा, मग मासे सोडा

कच्चें शेण व मुरलेलें खत यांतील भेद वाचकांस सांगावयास नको. कच्चें शेण कोवळ्या रोपाच्या बुडाशीं घातलें तर रोप जळतें. तेंच मुरलें म्हणजे रोपास पोसतें. मत्स्यकुंडाच्या पाण्यासही हाच न्याय लागू आहे, हें आम्हांस नुकसान सोसून कळलें. नातवाच्या हट्टास्तव आम्हीं शंभर लिटरचें काचेचें कुंड आणिलें, समुद्री मीठ घालून पाणी सिद्ध केलें व दुसऱ्याच दिवशीं चार मासे सोडिले. पाणी आरशासारखें स्वच्छ होतें. तरी आठवड्याच्या आंत चारही मासे मेले. मागाहून पाणी तपासलें तेव्हां त्यांत अमोनिया निघाला. दोष आमच्या घाईचा होता.

माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेंतून व उरलेल्या अन्नांतून अमोनिया सुटतो. एका जातीचे सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट करितात व दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचें नायट्रेट करितात. शेतांतील मातींतही हेंच कार्य चालतें. १८७७ सालीं फ्रान्समध्यें श्लोझिंग व म्युंट्झ या शास्त्रज्ञांनीं वाळू व चुनखडी भरलेल्या नळींतून गटाराचें पाणी झिरपविलें. पहिले वीस दिवस अमोनिया तसाच राहिला. नंतर नायट्रेट उतरूं लागलें. क्लोरोफॉर्मची वाफ देतांच तें थांबलें. तेव्हां हें काम सजीवांचें आहे असें ठरलें. नव्या कुंडांत हे जंतु वाढावयास असाच अवधि लागतो. शिवाय समुद्रजलाचा सामू ८.१ ते ८.४ असतो, आणि सामू एकानें वाढला कीं अमोनियाचा विषारी अंश जवळजवळ दसपट होतो. म्हणून खाऱ्या कुंडांत घाई विशेष घातक.

आतां रीत सांगतों. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन आधीं घालवावा. वेगळ्या भांड्यांत दर लिटरास सुमारें ३५ ग्रॅम मत्स्यकुंडाचें मीठ विरघळवावें. स्वयंपाकाचें मीठ चालत नाहीं. विशिष्ट गुरुत्व १.०२५ व उष्णता २५ ते २६ अंश सेल्सियस ठेवावी. कुंडांत सच्छिद्र खडक ठेवून पंपानें पाणी खेळतें ठेवावें; कारण हे जंतु मुख्यतः खडकांच्या पृष्ठभागावर राहतात व त्यांस प्राणवायु लागतो. मग मासे न सोडतां, अमोनियम क्लोराइड घालून अमोनियाचें प्रमाण दहा लाख भागांत दोन भाग करावें.

दर दोन दिवसांनीं अमोनिया, नायट्राइट व नायट्रेट तपासावें. नळी कुंडाच्याच पाण्यानें विसळावी, औषधाचे थेंब मोजून घालावे, सांगितलीं तितकीं मिनिटें थांबावें आणि रंग पांढऱ्या कागदावर, दिवसाच्या उजेडांत ताडून पाहावा. मुदत टळलेलें औषध वापरूं नये. प्रथम अमोनिया उतरेल व नायट्राइट चढेल. पुढें नायट्राइटही उतरेल व नायट्रेट वाढत जाईल. यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. पाणी आटेल तेवढें गोडें पाणीच घालावें. कारण पाणी उडून जातें, मीठ मागें राहतें.

शेवटची परीक्षा अशी : अमोनिया पुन्हां दोन भागांवर आणावा. चोवीस तासांत अमोनिया व नायट्राइट दोन्हीं शून्यावर आलीं, तरच कुंड मुरलें असें समजावें. नंतर बरेंचसें पाणी बदलून नायट्रेट कमी करावें, एखाद-दुसराच मासा सोडावा, अन्न थोडें घालावें आणि आणखी दोन आठवडे तपासणी चालू ठेवावी. खडक नळाच्या पाण्यानें कधींही धुऊं नयेत. क्लोरीननें जंतु मरतात व सर्व खटपट पुन्हां करावी लागते.

महसुली दप्तरांत आयुष्य घालविल्यामुळें, प्रत्यक्ष पाहणी केल्यावांचून रकाना भरूं नये, हें आम्ही शिकलों होतों. घरीं मात्र तें विसरलों. दुसऱ्या खेपेस वही घातली. तारीख, उष्णता, गुरुत्व, सामू व तिन्ही पदार्थ असे रकाने आंखले आणि ते भरण्याचें काम नातवाकडे दिलें. अडतिसाव्या दिवशीं दोन्हीं शून्यें मिळालीं. "आजोबा, आतां तरी सोडूं या का?" असें त्यानें विचारलें, तेव्हां आम्हीं वही पाहून होकार दिला. ते दोन मासे आज वर्षभर जगले आहेत. वाचकांनीं नव्या पाण्याच्या स्वच्छतेवर विश्वासूं नये. वहींतील शून्यांवर विश्वासावें.